न झोंबणारा चट्टा आणि आपला गळीत हंगाम




गळीत हंगाम तोंडावर आला आहे. टोळ्यांचे करार झाले, तोडणीचा क्रम लागला, वावरातल्या रस्त्यांची डागडुजी चालू आहे. अशा वेळी या पानावर खोडव्याची निगा किंवा पाचट कुजवण्याबद्दल चार शब्द यावेत अशी तुमची अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे. पण यंदा हंगामापूर्वी एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचे आहे. ती गोष्ट म्हणजे कुष्ठरोग. जुनी माणसे त्याला महारोग म्हणतात, कोणी रगतपिती म्हणतात, आणि बहुतेक जण त्याचे नावच घेत नाहीत.

साखर कारखान्याच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. गटात फिरताना विषय काढला की दोनच उत्तरे ऐकू येतात. एक, "थो रोग तं सरकारनं केव्हाचाच संपवला." दुसरे, "आपल्या गावात कुठी हाय? बाहेरच्या टोळ्या आणत असतीन." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींचा फटका शेवटी माणसाच्या हातापायाला बसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्या कारखान्याचा सगळा हंगाम शेकडो माणसांच्या हातांवर उभा असतो, त्याने वर्षातून एकदा त्या हातांची तपासणी करवणे हा धर्मादाय नाही, तो कामाचाच भाग आहे. असे का म्हणतो, ते क्रमाने सांगतो.

संपला म्हणजे काय झाले?

२००५ सालच्या डिसेंबरअखेर कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असे आपल्या देशाने जाहीर केले. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दहा हजार लोकांमागे उपचार घेणारा रुग्ण एकापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ होता. तोही साऱ्या देशाची सरासरी काढून. आता सरासरी म्हणजे काय हे ऊस बागायतदाराला समजावून सांगायला नको. गटाची सरासरी एकरी ३५ टन पडली म्हणून प्रत्येकाच्या वावरात ३५ टन निघत नाही. कुणाच्या ६० निघतो, कुणाच्या १५. रोगाचेही तसेच आहे. देशाची सरासरी खाली आली, पण चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा पूर्व विदर्भाचा पट्टा आणि त्याला लागून असलेले आपले जिल्हे यांत रोग रेंगाळत राहिला.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी या रोगासाठी वेगळे कर्मचारी होते. ते घरोघर जाऊन चट्टे तपासत. रोग आटोक्यात आला तसे हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले, घरोघरची तपासणी कमी झाली, आणि रुग्णाने आपणहून दवाखान्यात यावे अशी अपेक्षा धरली गेली. पण ज्या रोगात दुखतही नाही आणि खाजतही नाही, त्यासाठी माणूस आपणहून कशाला येईल? २०१६ साली पुन्हा घरोघर शोधमोहीम घेतली, तेव्हा देशात हजारो दडलेले रुग्ण सापडले. २०२३ साली साऱ्या जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतले १ लाख ७ हजारांहून जास्त एकट्या भारतातले. भारताच्या खालोखाल ब्राझील आणि इंडोनेशिया. म्हणजे जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही आपल्याच देशात निघतात.

या आकड्यात लहान मुलेही असतात, आणि ती बाब जास्त गंभीर आहे. मुलाला हा रोग झाला याचा अर्थ त्याच्या अवतीभवती उपचार न घेतलेला कोणीतरी मोठा माणूस आहे, आणि रोगाचा प्रसार जुन्या काळात नव्हे तर आता, चालू वर्षांत होतो आहे.

टोळ्या आणतात, हे खरे का?

हा रोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेतल्या बर्गेन गावी हॅन्सन नावाच्या डॉक्टराने तो १८७३ साली शोधून काढला. पाप, दैवाचा कोप, नागाचा शाप, आईबापांचे रक्त यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा जंतू अतिशय मंद आहे. इतर रोगांचे जंतू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, तर याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजही वाढवता आलेला नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या बारीक थेंबांतून, फार दिवसांच्या जवळच्या सहवासाने तो पसरतो. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना तो काही करू शकत नाही, त्यांच्या अंगची ताकदच त्याला पुरून उरते. उरलेल्या थोड्यांच्या अंगात शिरला तरी पहिला चट्टा दिसायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात, कधी वीस वर्षेही लागतात.

आता हिशेब करा. टोळी आपल्याकडे येते पाच महिन्यांसाठी. या हंगामात कोणाच्या अंगावर चट्टा दिसला, मग तो तोडणी मजूर असो की सभासद, तर त्याचे बीज कित्येक वर्षांपूर्वी पडलेले असते. तेव्हा "कोणी आणला" हा वाद घालण्यात अर्थ नाही. आणि वर्धा जिल्ह्याने तर हे बोलूच नये. बाहेरच्या टोळ्या येऊ लागण्याच्या कितीतरी आधी हा रोग इथे घरोघर होता, म्हणून तर देशातले कुष्ठसेवेचे मोठे काम याच मातीत उभे राहिले.

वर्ध्याने देशाला काय शिकवले

वर्धा शहराजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली कुष्ठसेवेला सुरुवात केली. त्या काळी रोगावर खात्रीचे औषध नव्हते, होती ती फक्त सेवा. सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान हा रोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. त्यांची कुटी आजही आश्रमात पाहायला मिळते. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाच्या १८ कलमांत कुष्ठसेवा हे एक स्वतंत्र कलम होते. आनंदवनाचे बाबा आमटे जन्माने आपल्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले.

ही नावे आपण भाषणात घेतो, फोटोला हार घालतो. पण वर्ध्याने याहून वेगळी एक गोष्ट देशाला दिली, ती फारशी कोणी सांगत नाही. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तोवर रुग्णाला गावाबाहेर काढून वसाहतीत आणून ठेवायचे, अशीच रीत होती. प्रतिष्ठानने ती उलटी केली. सेवक गावात जाईल, घरोघर तपासेल, लोकांना समजावून सांगेल आणि रुग्णाला त्याच्याच घरी औषध देईल. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी ही तीन कलमी पद्धत. पुढे १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तीन औषधे एकत्र देण्याचा नवा उपचार आला, तेव्हा देशात तो ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला त्यांत बंगालचा पुरुलिया आणि आपला वर्धा होता.

रोगी जिथे राहतो तिथे जा, हा धडा ज्या जिल्ह्याने दिला, त्याच जिल्ह्यात आज उसाच्या फडात राहणाऱ्या माणसाकडे कोणी जात नाही, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही.

उसाचा नियम माणसाला लावू नका

उसाला काणी पडली की मी तुम्हाला काय सांगतो? शेंड्यातून काळा चाबूक निघालेला दिसला की त्यावर पोते घाला, बेट मुळासकट उपटा, वावराबाहेर नेऊन जाळा. गवताळ वाढीचे बेटही असेच काढायला सांगतो. तिथे दयामाया नको, कारण रोगी बेटावर इलाज नाही आणि त्याची किंमत एका बेटाएवढीच.

शेकडो वर्षे आपण माणसालाही हाच नियम लावला. चट्टा दिसला की घराबाहेर, मग गावाबाहेर. पण माणसाचे आणि उसाचे दोन बाबतींत जमत नाही. एक तर माणूस म्हणजे बेट नव्हे. आणि दुसरे, व्यवहाराचेच बोलायचे तर, माणसाच्या रोगावर इलाज आहे, तोही उभ्या पिकात होतो. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. त्याला घरातून हलवायची गरज नाही, ताट वेगळे करायची गरज नाही, कामावरून काढायची तर मुळीच नाही. उलट, बाहेर काढतील या भीतीने माणूस चट्टा झाकून ठेवतो, आणि झाकलेला रोगच पसरतो. म्हणजे वाळीत टाकून रोग कमी होत नाही, वाढतो.

आपले केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे आपण अभिमानाने सांगतो. ती कथा काय आहे? बकासुराच्या भीतीने गावाने ठरवून घेतले होते की रोज एका घरातून एक माणूस आणि गाडाभर भात द्यायचा. बाकीचे गाव सुरक्षित राही, आणि कोणाला त्यात वावगे वाटेनासे झाले होते. महारोग्याच्या बाबतीत आपल्या गावांनी वर्षानुवर्षे हेच केले. एक माणूस वेशीबाहेर दिला की गाव निर्धास्त. भीमाने माणसे देण्याची पाळी बदलली नाही, तो थेट बकासुराकडेच गेला. आता आपल्याकडे औषधाच्या रूपाने भीम आलेला आहे, तरी गाव अजून पाळीच लावत बसले आहे.

ऊसवाल्याच्या लक्षात का येत नाही?

उसात काम करणाऱ्याच्या अंगावर ओरखडे, चिरा, डाग हे असायचेच. पाल्याने हात चिरलेले, पायाला धसकट लागलेले, उन्हाने कातडी रापलेली. त्यात एखादा फिकट किंवा लालसर चट्टा कोण बघतो? "साहेब, हे गजकर्ण व्हय," म्हणून मलम लावतात. "दुखत नाही न खाजत नाही, मंग काऊन दाखवाचं?" हा तर नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर असे, की दुखत नाही आणि खाजत नाही म्हणूनच दाखवायचे.

ऊस तोडून आल्यावर चिरलेल्या हातावरून घाम ओघळला की कसे झोंबते, ते तुम्हाला ठाऊक आहे. जिथे चीर पडली आहे आणि झोंबत नाही, ती जागा संशयाची. गजकर्ण खाजते, हा चट्टा खाजत नाही. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि त्यावर स्पर्श नीट कळतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, ते लागतही नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, आणि त्यावर पिसाने वा कापसाने स्पर्श केला तर कळत नाही किंवा कमी कळतो.

याखेरीज पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे. कोपराच्या मागची शीर जाड होणे, दाबली की कळ जाणे. करंगळी आणि शेजारचे बोट वाकू लागणे. मुठीत बळ न राहणे, कोयता किंवा विळा हातातून निसटणे. चालताना पायातली चप्पल केव्हा गळून पडली ते न कळणे, पाऊल घासत चालणे. विडीचा चटका किंवा चुलीवरच्या भांड्याचा चटका न जाणवता फोड दिसणे. तळपायाची जखम महिनोन्महिने न भरणे. कानाच्या पाळ्या जाड होणे, त्यांवर किंवा चेहऱ्यावर गाठी येणे, भुवयांचे केस विरळ होणे. डोळ्याची पापणी पूर्ण न मिटणे.

यांतले काहीही असले म्हणजे कुष्ठरोग आहेच असे नाही. पण दाखवले मात्र पाहिजे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, कुठेही दाखवता येईल.

वेळेवर दाखवण्याचे कारण नीट समजून घ्या. या रोगाने बोटे "झडत" नाहीत. जंतू शिरांवर हल्ला करतो, शीर मेली की बधिरपणा येतो, आणि बधिर हाताला चटका बसला, कापले, ठेच लागली तरी कळत नाही. जखमांवर जखमा होत जातात आणि त्यातून अवयव खराब होतो. शिरेची इजा ताजी असेल, सहा महिन्यांच्या आतली असेल, तर औषधाने बरीचशी भरून येऊ शकते. जुनी झाली की जंतू मारता येतात, पण शीर परत मिळत नाही. उसाला मोठ्या बांधणीच्या आधी द्यायचे खत तोडणीच्या वेळी घालून काय उपयोग? तसेच आहे हे.

औषध आहे, मग अडते कुठे?

१९४० च्या दशकात डॅप्सोन नावाची गोळी आली. वीस-पंचवीस वर्षे त्या एकाच गोळीवर भिस्त ठेवली, तेव्हा जंतू तिला सरावले. एकच एक कीटकनाशक वर्षानुवर्षे मारले की किडीचे काय होते, ते आपण पऱ्हाटीवर पाहिलेच आहे. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र द्यावीत असे ठरवले. आज सरकारी दवाखान्यात २८ दिवसांचे पाकीट मोफत मिळते. महिन्याची पहिली मात्रा आरोग्य सेवकासमोर घ्यायची, बाकीची घरी. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. त्यानंतर रोग बरा. घरातल्या व शेजारच्या माणसांनाही तपासून रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते, तिने त्यांचा धोका बराच कमी होतो.

अडते ते पुरा डोस घेण्यात. एका गोळीने लघवी लाल होते, माणूस घाबरतो. दुसरीने कातडी काळवंडते, शेजारीपाजारी विचारू लागतात, म्हणून तो गोळी सोडतो. औषध पुरे झाल्यावर काही महिन्यांत कातडीचा रंग परत येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कधी औषध चालू असताना चट्टे सुजतात, शिरा दुखतात, ताप येतो. ही रोगाची प्रतिक्रिया असते. त्या वेळी गोळ्या बंद न करता तातडीने डॉक्टरकडे गेले पाहिजे, नाहीतर शीर तेवढ्या काही दिवसांत कायमची जाते.

आणि आपल्या तोडणी मजुराची अडचण याहून वेगळी आहे. त्याचे वर्षच दोन ठिकाणी वाटलेले. दोन हंगामांपूर्वी आपल्या भागातल्या एका टोळीत एक तरुण गडी होता. कोयता सारखा निसटतो म्हणून मुकादमाच्या शिव्या खात असे. करंगळी वाकलेली, पाठीवर दोन फिकट चट्टे. दवाखान्यात रोग ठरला, पाकीट मिळाले, काम चालू राहिले. मार्चमध्ये तोड संपली, टोळी गाड्या भरून गेली. पुढची पाकिटे त्याला त्याच्या गावी मिळाली की नाही, हे कारखान्यातले कोणीच सांगू शकत नाही, कारण अशी नोंद ठेवण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. कोणत्या प्लॉटातून कोणत्या तारखेला किती टन आला याची स्लिप आपण वर्षानुवर्षे जपून ठेवतो. माणसाच्या औषधाची एक ओळ मात्र कुठेच लिहिलेली नसते.

आरोग्य खात्याची शोधमोहीम येते, पण आशाताई घरी येतात तेव्हा सभासद वावरात आणि मजूर फडात. तपासले जातात ते घरी असलेले म्हातारे आणि पोरे. तळावरच्या पालांचा तर गावच्या घरांच्या यादीत नंबरच नसतो.

कारखान्याने काय करावे

पहिले, हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात, आरोग्य खात्याला लेखी कळवून, प्रत्येक गटाच्या तळावर एक दिवस त्वचा तपासणी ठेवावी. पहाटे टोळ्या फडात जातात, म्हणून ती संध्याकाळी किंवा तोड बंद असलेल्या दिवशी असावी. बायकांना तपासायला बाईच हवी आणि आडोसा हवा. नुसते "कुष्ठरोग तपासणी" असा फलक लावला तर कोणी फिरकणार नाही. सर्वसाधारण आरोग्य तपासणीतच हे काम करावे.

दुसरे, उपचार चालू असलेल्या मजुराला टोळी परत जाताना पुढच्या औषधांची सोय आणि त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी मिळावी. शेती खात्याकडे प्रत्येक टोळीचे गाव, तालुका आणि मुकादमाचा नंबर असतोच. ही माहिती आरोग्य खात्याच्या कामी यावी. पण रोग्याचे नाव टोळीच्या यादीवर किंवा फलकावर कधीही येऊ नये. ते डॉक्टर आणि तो माणूस यांच्यातच राहावे.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे. चट्टा निघाला म्हणून कोणत्याही कोयत्याला काढू नये, त्याची उचल लगेच परत मागू नये, अशी अट तोडणी करारातच घालावी. मजूर चट्टा झाकतो तो लाजेपेक्षा उचलीच्या धाकाने. हा धाक गेल्याशिवाय तपासणीला कोणी अंग दाखवणार नाही.

चौथे, ज्याचा हात बधिर आहे त्याला कोयत्याच्या मुठीला जाड कापड किंवा रबर गुंडाळून द्यावे, आणि पायात मऊ तळाची चप्पल असावी. अशा चपला आरोग्य खात्याकडून मिळतात. रोज हातपाय पाण्यात भिजवून, तेल लावून, जखम आहे का ते डोळ्यांनी पाहण्याची सवय लावावी, कारण त्याला ती हाताला कळणार नाही.

पाचवे काम सभासदांचे. हा रोग फक्त पालात नाही, माडीतही आहे. आपल्या घरातल्या प्रत्येकाचे अंग, पाठीसकट, वर्षातून एकदा दिवसाच्या उजेडात पाहावे. घरात आलेल्या सुनेच्या अंगावर चट्टा निघाला म्हणून तिला माहेरी धाडणे हा मूर्खपणा तर आहेच, शिवाय आता कायदाही त्याला साथ देत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ सालच्या कायद्याने रद्द झाले. रोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा संसदेने २०१६ साली रद्द केला. कायद्याच्या पुस्तकातली वेस मोडली, आपल्या मनातली मोडायची राहिली आहे.

दोन शंका

पहिली शंका खर्चाची. औषध सरकारचे, डॉक्टर सरकारचे, पाकिटाला पैसा लागत नाही. कारखान्याचा खर्च म्हणजे गटागणिक एक दिवस, मांडव, चहापाणी आणि दोन माणसांचे लिहिण्याचे काम. एका प्लॉटच्या पाणी परीक्षणालाही आपण याहून जास्त धावपळ करतो.

दुसरी शंका जरा नाजूक आहे आणि ती मनातल्या मनात राहते. "तपासणी केली आणि रोगी निघाले, तर कारखान्याचं नाव खराब होईल. टोळ्या यायच्या नाहीत." मला उलट वाटते. ज्या कारखान्यावर चट्टा निघाला तरी काम जात नाही आणि औषध मिळते, तिथे माणूस यायला बिचकणार नाही. आणि साखरेची तर चिंताच नको. हा रोग उसातून, रसातून, साखरेतून पसरत नाही. नाव खराब होईल ते रोगी सापडल्याने नव्हे, तर माहीत असून डोळे मिटल्याने.

राष्ट्रीय कार्यक्रमाने २०२७ पर्यंत या रोगाचा प्रसार थांबवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. दिल्ली-मुंबईत ठरलेली लक्ष्ये फडात पोचायला तिथे कोणीतरी काम करणारे असावे लागते. आपल्या कारखान्याचे गट कार्यालय, शेती मदतनीस, स्लिप बॉय आणि मुकादम यांच्याइतका प्रत्येक पालापर्यंत पोचणारा दुसरा कोणी नाही. गांधीजींच्या पुण्यतिथीचा ३० जानेवारी हा दिवस कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. तो ऐन हंगामात येतो. त्या दिवशी भाषणे ठेवण्यापेक्षा, प्रत्येक गटात किती माणसे तपासली आणि किती जणांचे औषध चालू आहे, एवढे दोन आकडे नावे न देता या पत्रकात छापावेत, अशी माझी संचालक मंडळाला विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत कोणी सभासदाने वरील तीन अटींचा ठराव मांडला तर फारच चांगले.

तोवर घरच्या घरी एक काम करा. पिंजलेला कापूस प्रत्येकाच्या घरी आहे. त्याचा बोंडाएवढा पुंजका घ्या, डोळे मिटायला सांगा, आणि अंगावरच्या संशयाच्या डागाला हळूच लावून पाहा. कळले तर उत्तम. नाही कळले तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा, पोरगा असो, बायको असो, सालदार असो की स्वतः.



– ऊस विकास अधिकारी, केळझर गट